मानसशास्त्राचे संख्याशास्त्र आधी वहीवर शिकावे की थेट संगणकावर?

धागा (प्राध्यापिका, यवतमाळ जिल्हा)

मी तालुक्याच्या महाविद्यालयात एम.ए. मानसशास्त्राच्या वर्गाला शिकवते. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने ३० मुले आणि ३० मुली यांना तणावाची श्रेणी भरायला दिली, एसपीएसएस या संख्याशास्त्रीय संगणक प्रणालीवर टी परीक्षण (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासण्याची पद्धत) केले, सार्थकतेची किंमत ०.०८ आली आणि तिने लघुशोधप्रबंधात लिहिले की मुलामुलींच्या तणावात फरक नाही. ०.०८ म्हणजे काय, असे मी विचारले. "०.०५ पेक्षा जास्त आहे, म्हणून शून्य परिकल्पना स्वीकारली," एवढेच तिला सांगता आले; शून्य परिकल्पना म्हणजे गटांत फरक नाही हे गृहीतक. समष्टीत, म्हणजे ज्यांच्यातून नमुना घेतला त्या सगळ्यांत, खरोखर काहीच फरक नसता, तरी नमुन्यात एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता शंभरात आठ आहे, हा अर्थ तिच्यापर्यंत कधी पोहोचलाच नव्हता.

माझे मत असे की पहिले पूर्ण सत्र संगणकाला हात लावू देऊ नये. दहा-बारा प्राप्तांक घेऊन मध्यमान (सरासरी), प्रमाण विचलन (प्राप्तांक सरासरीपासून किती विखुरले आहेत याचे माप), सहसंबंध आणि टी वहीवर काढावेत. प्रत्येक प्राप्तांकातून मध्यमान वजा करून त्याचा वर्ग करताना, एकच टोकाचा प्राप्तांक सगळे विचलन कसे फुगवतो, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने कळते.

प्रतिसाद १ (विद्यार्थी, एम.ए. द्वितीय वर्ष)

मॅडम, मी आपल्याशी सहमत नाही. दहावीनंतर माझे गणित सुटले आणि आमच्या वर्गातील बहुतेकांचे तसेच आहे. पहिल्या सत्रात आम्ही टी हातानेच काढला. मी पायऱ्या पाठ केल्या, वर्गमुळात दोनदा चुकलो, परीक्षेत गुण मिळवले आणि सुटीत सगळे विसरलो. ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेली जास्प ही मोफत प्रणाली महाविद्यालयाच्या जुन्या संगणकावर सुरू करून, एक प्राप्तांक बदलला की टीची किंमत कशी हलते हे मी पाहिले, तेव्हा मला विचलन समजले.

शिवाय त्या विद्यार्थिनीची चूक संगणकाची नव्हती. तिने हाताने टी काढला असता, पुस्तकामागच्या कोष्टकात पाहिले असते आणि हेच वाक्य लिहिले असते.

प्रतिसाद २ (निवृत्त प्राध्यापक, वाशीम जिल्हा)

आपली मुले गणिताला घाबरतात, हे गृहीत धरणेच मला मान्य नाही. टी परीक्षण १९०८ साली विल्यम गॉसेट यांनी 'स्टुडंट' या टोपणनावाने मांडले, आणि ते डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात नोकरीला होते. प्रसरण विश्लेषण, म्हणजे अनेक गटांच्या सरासरींतला फरक तपासण्याची पद्धत, रोनाल्ड फिशर यांनी रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात विकसित केले, जिथे ते १९१९ मध्ये रुजू झाले होते. उत्पन्नातला फरक खतामुळे पडला की जमिनीच्या चढउतारामुळे, हा त्यांच्यासमोरचा प्रश्न होता.

हा प्रश्न आपल्या विद्यार्थ्याला कोणी शिकवावा लागत नाही. एकाच वावरात वरच्या अंगाला भरड जमीन आणि खालच्या अंगाला काळी असते, पऱ्हाटी (कपाशी) दोन्हीकडे सारखी येत नाही, हे तो लहानपणापासून पाहतो. मी गटांतर्गत आणि गटांमधील प्रसरण वर्षानुवर्षे वावराचा नकाशा फळ्यावर काढूनच शिकवले आणि आकडेमोड वहीवर करून घेतली. ज्याने ती केली, तो पुढे छापील तक्त्याला बिचकला नाही.

प्रतिसाद ३ (संशोधक विद्यार्थिनी, मेळघाट)

वही की संगणक, या वादात आकडे आले कुठून हा प्रश्न मागेच राहिला आहे, आणि माझ्या अनुभवाने बहुतेक प्रबंध तिथेच बिघडतात. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी गावात गेल्यास घरी म्हातारी माणसे आणि आजारी माणसेच भेटतात, आणि त्यांचे प्राप्तांक 'ग्रामीण महिलांचा तणाव' म्हणून मांडले जातात. एकाच ओट्यावर सासू, सून आणि शेजारीण बसून, एकमेकींचे ऐकत प्रश्नावली भरतात. टी परीक्षण प्रत्येक निरीक्षण स्वतंत्र आहे असे धरून चालते; इथे तीन कागद असले तरी मत कदाचित एकच असते. कोरकू ही आदिवासी भाषा बोलणाऱ्या बाईला 'काही अंशी सहमत' आणि 'सहमत' यांतले अंतर मराठीतून समजावताना तर उत्तर तिचे राहते की माझे होते, याची मला स्वतःलाच खात्री वाटत नाही.

आणखी एक. गटांतला खरा फरक अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा असेल, तर प्रत्येकी ३० जणांच्या नमुन्यात तो ०.०५ पातळीवर पकडला जाण्याची शक्यता निम्म्याहूनही थोडी कमी असते. ती ८० टक्क्यांवर न्यायची तर प्रत्येक गटात सुमारे ६४ जण लागतात. हे प्रश्नावली वाटण्यापूर्वी कळायला हवे.

प्रतिसाद ४ (प्रतिसाद १ चा विद्यार्थी)

ताईंच्या मुद्द्याने माझे म्हणणे अधिक पक्के झाले. २०१५ मध्ये मानसशास्त्रातल्या १०० प्रकाशित अभ्यासांची पुनरावृत्ती केल्याचा मोठा प्रकल्प प्रसिद्ध झाला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष सार्थक होते, पुनरावृत्तीत फक्त ३६ टक्क्यांत आले. त्या संशोधकांना आकडेमोड येत नव्हती, असे कोणी म्हणणार नाही. मग आमचे अख्खे सत्र वर्गमुळांत का घालवावे? सर, वावराचा नकाशा मला फार आवडला, पण समज त्या नकाशाने दिली, वहीतल्या बेरजांनी नाही.

धागाकर्तीचे उत्तर

कोष्टक पाहूनही तिने तेच वाक्य लिहिले असते, हे मला मान्य करावे लागते. 'परिकल्पना स्वीकारली' हे वाक्य आम्हीच वर्षानुवर्षे तपासून पुढे पाठवले आहे. पूर्ण सत्राचा हट्ट मी सोडते. मात्र प्रमाण विचलन आणि एक टी, एवढे तरी वहीवर झालेच पाहिजे, यावर मी ठाम आहे. कारण संगणकावर आकडा हलताना दिसतो, पण तो का हलला हे सूत्रातच सापडते.

येत्या जूनपासून पहिले तीन आठवडे वही, नंतर जास्प, आणि प्रश्नावली वाटण्यापूर्वी प्रत्येकाने एका पानावर लिहून द्यायचे: कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी, कोणाच्या घरी जाणार, कोणत्या भाषेत विचारणार आणि किती जणांना. ते पान मला पटल्याशिवाय मी सारांशिकेवर (संशोधनाच्या आराखड्यावर) सही करणार नाही. मेळघाटातल्या ताईंना माझी विनंती आहे की या पानावर आणखी काय विचारावे, ते त्यांनी इथे लिहावे.