वाळूच्या पेटीत हिमालय उभा राहतो, तिबेट का नाही?

सदाशिवपेठी_विज्ञानबाई
नववीच्या मुलांना पर्वत कसे होतात ते दाखवायचं म्हणून काचेची पेटी करून घेतली आहे. पुण्यातल्या पोरांनी घड्या पडलेला खडक पाहिलेलाच नसतो. सिंहगडाच्या कड्यात बघावं तर बेसॉल्टचे थर साडेसहा कोटी वर्षं आडवेच पडून. म्हणून हा खटाटोप. फिशटँकवाल्याकडून मीटरभर लांब पेटी, तळाला प्लास्टिकचा कागद, त्यावर चाळलेली कोरडी वाळू आणि मधे मधे तुळशीबागेतल्या रंगीत रांगोळीचे पातळ थर. कागद एका टोकाच्या फटीतून बाहेर ओढला जातो. ओढायला जुन्या बाजारात मिळालेली वायपरची मोटर.

वाळू टोकाच्या काचेला अडते, तिरकी भेग पडते, भेगेवरून मागचा भाग पुढच्यावर चढतो. थोड्या वेळाने ती भेग थांबते आणि तिच्या पुढे नवी सुरू होते. रांगोळीमुळे हे इतकं स्वच्छ दिसतं की शेवटच्या बाकावरची मंडळीही काचेला नाक लावून बसतात.

पण एका मुलीने पेच टाकला. "बाई, नकाशात हिमालयाच्या मागे तिबेट सपाट आहे. आपला ढीग मागे सपाट का नाही होत?" बरोबर आहे तिचं. आमचा ढीग भिंतीपर्यंत चढतच जातो. मोटरचा वेग कमी-जास्त केला, ढिम्म फरक नाही. काय घालू म्हणजे पठार येईल?

टेथिसकाठचा
ताई, वेगाने फरक पडला नाही, उत्तर त्यातच आहे. कोरडी वाळू घर्षणावर टिकते आणि घर्षणाला घाई-सवड कळत नाही. अशा पाचरीचं, म्हणजे एका बाजूला निमुळत्या होत गेलेल्या ढिगाचं, गणित डेव्हिस, सप्पी आणि डालेन यांनी १९८३ मध्ये मांडलं, तैवानचे डोंगर समोर ठेवून. पाचरीचा उतार ठरतो वाळूच्या आतल्या आणि तळाच्या घर्षणावर. ढकलत राहा, पाचर मोठी होईल, कोन तोच. खात्री करायची तर प्लास्टिकच्या जागी पॉलिश पेपर लावा, उतार वाढेल.

खऱ्या कवचाचा फक्त वरचा भाग, साधारण पंधरा किलोमीटर, वाळूसारखा वागतो. खाली तापमान वाढत जातं आणि तीनशे अंशांच्या आसपास क्वार्ट्झ तुटायच्या ऐवजी हळूहळू वाहायला लागतं. तिबेटखाली कवच सत्तर किलोमीटरच्या घरात जाड आहे, नेहमीच्या जवळपास दुप्पट. जाड कवचात किरणोत्सारी उष्णताही जास्त साठते. तळ असा मऊ पडला की त्याला उतार पेलवत नाही, वरचा भाग पसरून सपाट होतो.

तेव्हा पेटीच्या मागच्या अर्ध्या भागात वाळूखाली सिलिकॉन पुटीचा थर द्या. प्रयोगशाळांत हेच करतात. फिजिओथेरपीत मुठीत दाबायला देतात तसली पुटी शाळेच्या कामाला चालून जाईल. मोल्डवाल्यांकडचं सिलिकॉन नको, ते घट्ट होऊन बसतं. आणि आता मात्र वेगाला महत्त्व आलं! तासाला एखाद-दोन सेंटिमीटर. वायपरच्या मोटरला गिअर जोडल्याशिवाय जमायचं नाही.

हिंजवडी_नाईटशिफ्ट
वरचं सगळं मान्य, पण पेटीत दोन गोष्टी मुळातच दिसणार नाहीत, हे मुलांना आधीच सांगा.

एक, पेटीचा तळ वाकत नाही. खरं कवच खालच्या जड प्रावरणावर तरंगतं. कवचाची घनता २.८ आणि प्रावरणाची ३.३ धरून वहीत मांडा: पाच किलोमीटर उंच पठाराला खाली अठ्ठावीस किलोमीटरचं मूळ लागतं. नेहमीच्या कवचाचे पस्तीस, वर पाच, खाली अठ्ठावीस. सत्तरच्या जवळ आलातच. नववीला हे गणित येतं आणि माझ्या मते पेटीपेक्षा भारी आहे.

दोन, दोन्ही बाजूंना काच, म्हणजे वाळूला बाजूला पळायला जागाच नाही. तापोनिए आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये प्लास्टिसिनच्या ठोकळ्यात (म्हणजे आशियात) कडक तुकडा (म्हणजे भारत) घुसवला, पण एक बाजू मोकळी ठेवून. माल त्या बाजूला सरकला, मोठमोठ्या भेगांवरून. आशिया तसाच पूर्वेकडे सरकतो असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी इंग्लंड आणि मॅकेन्झी यांनी संपूर्ण आशिया म्हणजे चिकट द्रवाची पातळ चादर असं धरून गणित केलं. त्यात आर्गाँ संख्या येते: उंचीमुळे पसरण्याचा जोर भागिले चादरीचा कणखरपणा. ती लहान तर डोंगर चढत जातात, मोठी तर पठार. तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न एका आकड्यात! दोन्ही बाजूंचं भांडण पुढे बरंच चाललं. जीपीएसने दोघांनाही थोडं थोडं खरं ठरवलं असं मी म्हणेन.

घरी करायचं तर कवच आणि प्रावरणाच्या हालचालींची मॉडेलं करणारं अ‍ॅस्पेक्ट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. द्विमितीय मॉडेल बऱ्यापैकी लॅपटॉपवर चालतं. फक्त वाळू सांडत नाही, तेवढा फायदा.

सदाशिवपेठी_विज्ञानबाई
पुटीचं बघते, गिअरसाठी परत जुना बाजार. अठ्ठावीसचं गणित उद्याच फळ्यावर. आता त्याच मुलीचा पुढचा प्रश्न: पाऊस डोंगर धुऊन नेतो, तो पेटीत कुठे आहे?

टेथिसकाठचा
तिला बारीक ब्रश आणि कागदाचं सुपलं द्या. ओढणं चालू असताना उतारावरची वाळू थोडी थोडी काढायला लावा. उतार कमी पडला की पाचर पुढे सरकायची थांबते आणि मागच्या, थांबलेल्या भेगा पुन्हा चालू होतात. वाळू जिथून काढाल तिथेच खालचे थर वर येतील. सगळ्यात खाली लाल रांगोळी घाला, म्हणजे ती नेमकी कुठे उघडी पडते ते मुलांना दिसेल.