एकच कविता नियतकालिकाला आणि स्पर्धेला एकाच वेळी पाठवावी का?

प्रश्न:
नमस्कार. माझ्या निवडक कविता वाङ्मयीन नियतकालिकांकडे आणि काव्यस्पर्धांकडे पाठवाव्यात, असा विचार आहे. संपादकांचे उत्तर यायला कित्येक महिने लागतात. तोवर कविता अडकून राहू नये म्हणून तीच कविता स्पर्धेलाही पाठवली तर चालते का? शिवाय त्यांतील दोन कविता मी पूर्वी फेसबुकवर टाकल्या आहेत. त्या ‘अप्रकाशित’ मानल्या जातील का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १:
नियतकालिकापुरते बोलायचे तर, अनेक संपादकांची याला हरकत नसते. मात्र कविता अन्यत्रही पाठवली असल्याचे सोबतच्या पत्रात नमूद करावे आणि ती दुसरीकडे स्वीकारली गेली तर त्याच दिवशी कळवून मागे घ्यावी, एवढी अपेक्षा असते. अंकाची जुळणी पूर्ण झाल्यावर कवीने कविता काढून घेतली, तर संपादकाची किती अडचण होते हे सांगायला नको. काही नियतकालिके आणि बहुतेक स्पर्धा मात्र याला स्पष्ट मनाई करतात, म्हणून नियमावली आधी वाचावी. फेसबुकवरील कविता अनेक ठिकाणी प्रकाशितच धरली जाते. आता ती पुसून टाकण्यापेक्षा संपादकांना सरळ विचारलेले बरे.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. एका स्पर्धेच्या नियमांत ‘प्राप्त झालेल्या सर्व कवितांचे हक्क आयोजकांकडे राहतील’ असे वाक्य आहे. असे असणे नेहमीचे आहे का?

उत्तर २:
असे वाक्य आढळते खरे, पण ते मान्य करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कविता लिहिली गेली की तिचा कॉपीराइट नोंदणीशिवाय आपोआप कवीकडे येतो. साहित्य व कलाकृतींच्या हक्कांविषयीच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात १९०८ मध्ये झालेल्या सुधारणेपासून हे तत्त्व सदस्यदेशांत मान्य आहे. नियतकालिकाला साधारणपणे प्रथम प्रकाशनाचा हक्क पुरेसा असतो आणि स्पर्धेला विजेत्या कविता छापण्याची परवानगी. ज्या शेकडो कविता बक्षिसाविना राहणार आहेत, त्यांचेही हक्क आयोजकांना कशासाठी हवेत? उद्या तुमचा संग्रह निघेल तेव्हा तुमचीच कविता त्यात घेण्यासाठी तुम्हाला त्यांच्याकडे परवानगी मागावी लागू शकते. ‘सर्व कवितांचे’ऐवजी ‘पुरस्कारप्राप्त कवितांचे एकदा प्रकाशन’ असा बदल करता येईल का, हे आयोजकांना लेखी विचारा; उत्तर टाळले गेले तर प्रवेशशुल्क भरू नका.

उत्तर ३:
हक्कांबाबत वरील मताशी पूर्ण सहमत. थोडी भर घालतो. परीक्षण निनावी असेल तर कवितेखालचे नाव काढणे पुरेसे नसते. फाइलच्या नावात आणि तिच्या ‘प्रॉपर्टीज’मध्येही लेखकाचे नाव राहून जाते, ते तपासावे. कविता युनिकोडमध्ये टंकित करून वर्ड फाइलबरोबर पीडीएफही जोडावी. छपाईसाठी फॉन्ट बदलताना ‘सुऱ्या’, ‘कऱ्हा’ यांसारख्या शब्दांतला अर्धा ‘र’ बिघडू शकतो आणि मुक्तछंदातील आत सरकवलेल्या ओळी समासाला येऊन चिकटतात. मुद्रितशोधकापुढे पीडीएफ असली की कवीला ओळ नेमकी कुठे तोडायची होती, हे त्याला ताडून पाहता येते.