मदत हवी आहे : ओल येणाऱ्या भिंतीसाठी मोठं टेक्स्चर पेंटिंग, साहित्य कोणतं घेऊ?

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत, गावभागात राहते. 2019 च्या महापुरात आमच्या तळमजल्यावर पाणी होतं. नंतर गिलावा खरवडून नवा केला, तरी बैठकीच्या एका भिंतीला पावसाळ्यात ओल धरते आणि खालच्या हातभर भागात लोणा (पांढरा क्षार) फुटतो. त्याच भिंतीवर, वरच्या अंगाला, मला चार बाय तीन फुटांचं ॲबस्ट्रॅक्ट चित्र लावायचंय. घरीच करणार आहे.

विषय हरिपूरची हळदीची पेवं. ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी : हरिपूर म्हणजे सांगलीला लागूनच, कृष्णा-वारणेच्या संगमावर. तिथल्या जमिनीत खोल पेवं खणून हळद साठवायचे. तोंड अरुंद, आत ऐसपैस. 2005 च्या महापुरात बऱ्याच पेवांत पाणी शिरलं. मला पेव जसंच्या तसं काढायचं नाही. मातीचे थर, भेगा, खाली उतरत जाणारा काळोख आणि तळाला पिवळा, एवढंच हवंय. ते सपाट रंगात येत नाही, हात फिरवला तर लागेल असा थर पाहिजे.

आता अडचण. चित्रकलेच्या दुकानात मॉडेलिंग पेस्ट (उठावाचा जाड थर देण्याची तयार लगदी) मिळते, पण लहान डब्यांत. माझा हिशेब असा : बारा चौरस फूट म्हणजे साधारण 1.1 चौरस मीटर. सरासरी तीन मिलिमीटर थर धरला तरी सव्वातीन लिटरच्या वर माल लागतो. एवढी पेस्ट विकत घेणं परवडणार नाही. म्हणून रंगाच्या दुकानातल्या मालाकडे वळले.

छोट्या तुकड्यांवर करून पाहिलं, ते सांगते. पीओपीत फेविकॉल घालून कॅनव्हासवर लावलं. दिसायला सुंदर, पण कॅनव्हास मागून दाबला की तडे जातात आणि कडेचे पापुद्रे सुटतात. पीओपी पाण्याशी संयोग होऊन परत जिप्समचा दगडच होतो, त्याला ताण सोसत नाही हे समजलं. शिवाय तो पटकन घट्ट होतो, मला पट्टी फिरवत बसायला वेळ हवा असतो. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी (आमचे पेंटरकाका अजून लांबीच म्हणतात) प्लायवर बरी बसली, पण जाड लावली की केसासारख्या चिरा पडतात. बादलीत तयार मिळणारी ॲक्रिलिक पुट्टी हाताळायला सगळ्यात छान, तीही पातळ थरासाठीच असते असं काका म्हणाले.

मग मनात आलं की मॉडेलिंग पेस्ट म्हणजे तरी काय, ॲक्रिलिक बाइंडर (पूड धरून ठेवणारं चिकट द्रव्य) आणि संगमरवराची पूड. मग पूड म्हणून पांढरी रांगोळी का नको? गणपती पेठेत हवी तेवढी मिळते, बारीक आणि भरड दोन्ही. बार्सिलोनाचे चित्रकार तापिएस संगमरवराची पूड आणि वाळू रंगात मिसळायचे, म्हणजे कल्पना काही अडाणी नाही. फेविकॉलमध्ये रांगोळी कालवून बघितली, वाळल्यावर चांगली कडक झाली. पण भिंत ओली आहे, म्हणून फेविकॉलचा भरवसा वाटत नाही.

तर विचारायचंय ते हे. पाया कशाचा घेऊ, एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड), प्लाय की कॅनव्हास? बाइंडर कोणता? आणि पिवळ्यासाठी खरी हळद वापरली तर टिकेल का? विषयच हळदीचा आहे, माझे वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर होते, म्हणून मन तिकडेच ओढतंय. ज्यांनी स्वतः हाताने केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद

ताई, मी साताऱ्याचा. भिंतीवरची म्युरल्स आणि टेक्स्चरची कामं करतो. आमच्याकडे पावसाळ्यात हवा किती दमट असते ते तुम्हाला ठाऊकच आहे, त्यामुळे ओलीचा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे.

एमडीएफ नको. कडेनं ओल प्याला की फुगतो आणि परत बसत नाही. कॅनव्हास तुमच्या वजनाला नको, सव्वातीन लिटर पेस्ट म्हणजे पाच-सहा किलो होईल. सहा मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय घ्या, पाठीमागे लाकडी पट्ट्यांची चौकट मारा, नाहीतर एका बाजूने थर सुकताना तो वाकतो. पुढून, मागून आणि कडांना, सगळीकडे ॲक्रिलिक प्रायमरचे दोन हात द्या. लोक मागची बाजू तशीच सोडतात, आणि ओल तिथूनच शिरते.

बाइंडरबद्दल तुमची शंका बरोबर आहे. फेविकॉलसारखा साधा पांढरा गोंद वाळल्यावर कडक वाटतो, पण दमट हवेत पुन्हा मऊ पडतो. ॲक्रिलिक एकदा वाळलं की पाण्यात विरघळत नाही. रंगाच्या दुकानात ॲक्रिलिक बाइंडर मागा, नाही मिळालं तर चांगल्या प्रतीचा बाहेरच्या भिंतीचा पांढरा ॲक्रिलिक इमल्शन घ्या. त्यात रांगोळी थोडी थोडी घालत जा, पट्टीवर घेतलेला गोळा ओघळायचा थांबला की पुरे. नमुना वाळल्यावर नखाने खरवडा. पूड सुटली तर रांगोळी जास्त झालीय. रांगोळी फक्त पांढरी घ्या, रंगीत रांगोळीचा रंग ओल्या पेस्टमध्ये उतरतो. आणि चाळताना, कालवताना नाकातोंडाला मास्क लावा. दगडाची बारीक पूड आहे, फुप्फुसात जायला नको.

एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच्या वर जाऊ नका. आधीचा थर आतपर्यंत सुकू द्या, सावलीत. उन्हात ठेवलं की वरची साय आधी धरते, आतलं ओलं राहतं आणि नको तिथे चिरा पडतात. तुम्हाला भेगा हव्याच आहेत, तर त्या भागापुरती पुट्टी जाड लावा, चिरू द्या, मग त्यावर पातळ बाइंडर मुरवून ती पक्की करा.

हळदीचं मात्र ऐका. नको. हळदीचा रंग उजेडाने उडतो, खिडकीसमोरच्या भिंतीवर तर लवकरच. त्यातून सिमेंटची पुट्टी अल्कलीयुक्त, तिच्यावर हळद लाल होते. कुंकू करतात ते याच गुणावर. पिवळ्यासाठी पिवडी (पिवळी माती) किंवा फरशीत घालतात तो येलो ऑक्साइड घ्या. लोहाचे रंग आहेत, ऊन आणि चुना दोन्ही सोसतात. मातीच्या थरांना गेरू आणि काव आहेतच.

धागाकर्ती

दादा, खूप उपयोग झाला. हळदीचं वाचून वाईट वाटलं, पण लाल होण्याचा मुद्दा घरी लगेच करून बघितला आणि पटलं. आता पिवडीच. अजून एक : मार्केट यार्डातली हळदीची जुनी पोती मिळतायत. इटलीचे चित्रकार बुरी यांनी गोणपाटावर किती मोठं काम केलंय! पेवाच्या तोंडाशी तेच गोणपाट चिकटवावं असं वाटतंय. ते कुजेल का?

प्रतिसाद

ताई, चिकटवा. नवं घेण्यापेक्षा वापरलेलं पोतंच घ्या, त्याचे ठिगळ आणि शिवण तुमच्या विषयाला लागणारच. फक्त आधी धुवून, उन्हात कडकडीत वाळवून घ्या, हळदीची भुकटी राहिली तर किडे आणि बुरशी दोन्ही येतात. मग दोन्ही बाजूंनी पातळ केलेलं बाइंडर पाजा आणि सुकल्यावर त्याच पेस्टने दाबून बसवा. ताग उघडा राहिला तर काळपट होतो आणि वर्षांनी ठिसूळ पडतो, तेव्हा शेवटी सगळ्या चित्रावर मॅट ॲक्रिलिक वार्निशचे दोन पातळ हात. चकचकीत घेऊ नका, तुमचा काळोख चमकायला लागेल.

टांगताना चौकटीच्या चारी कोपऱ्यांना मागून इंचभर जाडीचे लाकडी ठोकळे लावा, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यात हवा खेळेल. लाकूड, पेस्ट, पोतं मिळून वजन दहा किलोच्या पुढे जाईल, म्हणून दोन ठिकाणी स्टेनलेसचे स्क्रू आणि रावळप्लग (स्क्रू धरायला भिंतीच्या भोकात बसवायची गुल्ली) वापरा. साधा खिळा ओल्या गिलाव्यात गंजतो.