बेनिफिट लाटणारे मोठे चोर की टॅक्स टाळणारे? ऑफिसात वाद झाला, मी गप्प बसलो

नवखा_रीडिंगकर

नमस्कार मंडळी. इंग्लंडात येऊन दीड वर्ष झालं, आयटीत आहे. परवा जेवताना टीममधल्या दोघांची चांगलीच जुंपली. एक बाई म्हणत होत्या की त्यांच्या गल्लीत एक जण पाठदुखीच्या नावावर भत्ता घेतो आणि शनिवारी मैदानात फुटबॉल खेळतो, असल्या फुकट्यांनी देश बुडवला. दुसरा म्हणाला, त्याला मिळून मिळून किती मिळत असतील, तिकडे अब्जाधीश लोक कुठल्याकुठल्या बेटांवर पैसे ठेवून एक पेनी भरत नाहीत ते बघ आधी. मग दोघंही माझ्याकडे वळले, तुझं काय मत. मी सँडविचमध्ये तोंड घातलं.

खरं सांगू का, आतून मला त्या बाईंचंच पटत होतं. माझ्या व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी भत्त्यांवर हक्क नाही) अशी अट आहे, म्हणजे टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स पगार हातात यायच्या आधीच कापणार, एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेसाठी वर्षाला १,०३५ पौंडांच्या हिशेबाने व्हिसा काढतानाच पैसे भरलेले, आणि उद्या नोकरी गेली तर युनिव्हर्सल क्रेडिटचा (नोकरी नसलेल्या किंवा कमी कमाईवाल्यांच्या भत्त्याचा) एक पौंड मिळणार नाही. मग दुसरं कोणी खोटं बोलून घेतंय म्हटलं की डोकं फिरतंच ना. पण रात्री पडल्या पडल्या वाटलं, पाठदुखीवाल्याचा येतो तसा राग मला बेटवाल्याचा का येत नाही? बहुतेक तो शनिवारी दिसत नाही म्हणून. इथे बरीच वर्षं काढलेल्यांनी सांगा, मोठं भोक कुठलं? आणि राजकीय धुळवड नको प्लीज.

हिशेबनीस

धुळवड होणारच, त्याआधी आकडे घ्या.

डीडब्ल्यूपी म्हणजे भत्ते देणारं खातं दरवर्षी स्वतःच अंदाज काढतं. २०२३-२४ मध्ये जास्तीचे दिले गेलेले पैसे ९.७ अब्ज पौंड, त्यातले ७.४ अब्ज लबाडीचे आणि उरलेले चुकांचे, म्हणजे लोकांनी माहिती भरताना केलेल्या आणि काही खुद्द खात्याने केलेल्या. दर शंभर पौंडांमागे लबाडी २.८ पौंड. आता टॅक्सकडे या. एचएमआरसी म्हणजे कर वसूल करणारं खातं 'टॅक्स गॅप' काढतं, यायला हवा होता आणि आलाच नाही असा कर, २०२२-२३ साठी त्यांनी जाहीर केलेला आकडा ३९.८ अब्ज. इथपर्यंत वाचलं की तुमचा तो दुसरा सहकारी टेबलावर मूठ आपटणार, बघा मी म्हणत नव्हतो!

पण थांबा. त्या ३९.८ मधला साधारण ६० टक्के वाटा छोट्या धंद्यांचा आहे आणि श्रीमंत व्यक्तींचा ५ टक्क्यांच्या घरात. म्हणजे रोखीत काम करणारा प्लंबर, पावत्या खोक्यात टाकणारा दुकानदार, निष्काळजीपणाने रिटर्न भरणारा, अशी आपल्यासारखीच मंडळी. बेटवाला त्यात फारसा सापडत नाही, आणि खरी गंमत इथेच आहे, कारण टॅक्स गॅप मोजतात तो कायद्याने देणं असलेला कर. कायद्यानेच ज्याला सोडून दिलंय त्याचं देणं मुळात लागतच नाही, मग ते थकणार कसं? आंतरराष्ट्रीय कंपन्या नफा दुसऱ्या देशात सरकवतात त्यातलाही जो भाग इथल्या कायद्याने पकडता येत नाही तो या आकड्यात नाही. त्यामुळे ९.७ विरुद्ध ३९.८ हे पोस्टर छान दिसतं पण ते तुमच्या ऑफिसातल्या भांडणाचं उत्तर नव्हे.

अजून एक. २०१३ साली इथे एक सर्व्हे झाला होता, लोकांना विचारलं की भत्त्यांच्या शंभर पौंडांतले किती लबाडीने जातात? लोकांचं उत्तर २४ पौंड. तेव्हाचा सरकारी अंदाज होता ७० पेन्स. कोविडमध्ये तपासण्या ढिल्या केल्यावर सरकारी आकडा चांगलाच वर गेला हे मान्य, पण तरी २४ कुठे आणि २.८ कुठे.

आडव्या_रेघा

हिशेबनीस, दंडवत. मी इथल्या एका अकाउंटन्सी फर्ममध्ये आहे, बारा वर्षं झाली, त्यामुळे थोडी भर घालतो (आणि थोडं पापक्षालन).

मराठीत आपल्याकडे शब्द आयते आहेत. कर बुडवणं आणि कर टाळणं. बुडवणं हा गुन्हा, टाळणं हा धंदा, आमचाही त्यावरच चालतो. पण टाळणं म्हणजे नुसता आयसा (करमुक्त बचत खातं) उघडणं नाही. जुनी गोष्ट सांगतो, आमच्यात प्रत्येकाला पाठ असते. ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर, लंडनातल्या मेफेअरचे मोठे जमीनदार. यांनी काय केलं, माळ्याला पगार द्यायचा तो पगार न म्हणता करारनामा करून ठराविक रक्कम म्हणून द्यायला सुरुवात केली. घरगड्याच्या पगाराची वजावट मिळत नव्हती, करारातल्या रकमेची मिळत होती. माळी तोच, बाग तीच, मिळणारे पैसेही साधारण तेवढेच, बदलला फक्त कागद. टॅक्सवाले कोर्टात गेले, प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोचलं आणि १९३६ मध्ये ड्यूक जिंकले. आपला कर कमी व्हावा अशा बेताने व्यवहार मांडायचा प्रत्येकाला हक्क आहे, असा तो निकाल.

आता ऐंशी वर्षं पुढे या. २०१६ च्या ऑगस्टमध्ये त्याच घराण्यातले सहावे ड्यूक वारले, मुलगा २५ वर्षांचा. इस्टेट नऊ अब्ज पौंडांच्या आसपास असल्याचं पेपरांत आलं. तुमच्याआमच्या घरात वारसा कराचा दर मर्यादेच्या वर ४० टक्के. पण इथे बहुतेक मालमत्ता ट्रस्टांमध्ये, आणि ट्रस्टला माणसासारखा मृत्यू नसतो! त्यांना दर दहा वर्षांनी जास्तीत जास्त ६ टक्के लागतात आणि शेती, धंदा यांच्या सवलती वेगळ्या. कोणी काही लपवलेलं नाही, कायद्याबाहेर पाऊलही टाकलेलं नाही. आणि मला त्रास होतो तो याचाच. लपवलं असतं तर पकडता तरी आलं असतं.

नॉन-डॉमचंही तेच. राहायचं इथे, पण कायमचं घर परदेशात आहे असं म्हणून परदेशातलं उत्पन्न इथे आणलं नाही तर त्यावर इथे कर नाही. १७९९ पासून चाललेलं, गेलं एकदाचं एप्रिल २०२५ मध्ये. २०२२ मध्ये ऋषी सुनक अर्थमंत्री असताना अक्षता मूर्तींवरून केवढा गदारोळ झाला आठवत असेल, बेकायदा काही नव्हतंच, शेवटी त्यांनी आपणहून इथे कर भरायचं जाहीर केलं. तेव्हा आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर निम्मे लोक 'आपल्या हुबळीच्या पोरीला उगाच छळतात' आणि निम्मे 'आम्ही भरतो मग त्यांनी का नाही', दोन दिवस नुसता कल्ला.

कोकणी_बाणा

ड्यूक, ट्रस्ट, १७९९... आणि चोर बाजूला राहिला. नॉर्थ लंडनमधल्या त्या पाच जणांच्या टोळीचं काय? खोट्या नावांनी, खोट्या भाडेपावत्यांनी युनिव्हर्सल क्रेडिटचे हजारो अर्ज, पाच कोटी पौंडांच्या वर पैसे खाल्ले, २०२४ मध्ये आत गेले. तेही गरीब बिचारे का? कायद्यात राहून टाळणारा आणि खोटी कागदपत्रं करणारा यांना एका तराजूत घालू नका. चोर तो चोर.

आडव्या_रेघा

@कोकणी_बाणा टोळीबद्दल वाद नाही, ती जेलमध्येच शोभते. पण चोर तो चोर म्हणताय तर दोन्ही चोरांना दरवाजा कुठला उघडतो तेही बघा. एचएमआरसीला मोठ्या प्रकरणात फसवणुकीचा संशय आला तर बऱ्याचदा ते पत्र पाठवतात, सगळं खरं खरं कबूल करा, कर, व्याज, दंड भरा, कबूल केलेल्या गोष्टींसाठी तुमच्यावर फौजदारी करणार नाही. रीतसर योजना आहे, आमच्या धंद्यात तिचे वेगळे स्पेशालिस्ट असतात, तासाची फी ऐकली तर तुम्हाला घेरी येईल. मी बुडवण्याबद्दल बोलतोय हं, टाळण्याबद्दल नाही. भत्तावाल्यालाही कोर्टाऐवजी दंड भरून सुटायची सोय आहे, नाही असं नाही, पण पत्र आलं की तो घाबरून एकटाच बसतो मुलाखतीला. शेजारी वकील नसतो.

सुलभा_लेस्टर

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मी रिटायर झाल्यापासून आठवड्यातून दोन दिवस एका सल्ला केंद्रात मदतीला जाते. तिथे लबाड एकही भेटला नाही असं म्हणणार नाही. नवरा बरोबर राहतो आणि कागदावर एकटी, बँकेत सोळा हजारांवर शिल्लक आहे आणि सांगितलेली नाही (सोळा हजारांच्या वर युनिव्हर्सल क्रेडिट बंद होतं), असे येतात. काहींचा मला मनापासून राग येतो.

पण जास्त येतात ते वेगळेच. केअरर्स अलाउन्सचं बघा. घरातल्या आजारी माणसाची आठवड्याला किमान ३५ तास सेवा करायची, त्याचे २०२४-२५ मध्ये आठवड्याला ८१ पौंड ९० पेन्स. बरोबर थोडी नोकरी चालते, पण त्या वर्षी कमाई आठवड्याला १५१ पौंडांच्या आत हवी. आणि १५१ च्या वर एक पेनी जरी गेली तरी त्या आठवड्याचे सगळेच्या सगळे ८१.९० गेले. एक पेनीला ८१ पौंड! टॅक्समध्ये असं कुठे असतं का हो रेघा? तिथे वरच्या स्लॅबमध्ये गेलं तर वरच्या रकमेवरच वाढीव दर लागतो.

एक बाई यायच्या, सुपरमार्केटात अर्धवेळ, आई अंथरुणावर. किमान वेतन वाढलं आणि त्यांचा पगार आपोआप मर्यादेच्या थोडा वर गेला, कुणी काही बोललं नाही. खात्याकडे पगाराची माहिती टॅक्सवाल्यांकडून येत होती पण वेळेत कुणी बघितली नाही, आणि काही वर्षांनी हजारो पौंडांची वसुलीची नोटीस. त्या मला विचारत होत्या, ताई मी फ्रॉड केलं का? एप्रिल २०२५ पासून मर्यादा १९६ पौंड केली, बरं झालं, पण कडा तशीच आहे, फक्त पुढे सरकली. नवखा, तुमच्या त्या पाठदुखीवाल्याचंही सांगते, अपंगत्वाचा पीआयपी हा भत्ता नोकरी करूनही मिळतो आणि काही दुखणी चार दिवस बरी, तीन दिवस उठू देत नाहीत. तो लबाड असेलही. खिडकीतून मात्र कळत नाही.

जळलेला_कॉन्ट्रॅक्टर

वाचणारच होतो फक्त, पण आता लिहितोच. मी दोन्ही बाजूंनी बघितलंय. कॉन्ट्रॅक्टवर होतो तेव्हा एका अम्ब्रेला कंपनीने (कॉन्ट्रॅक्टरांना कागदावर नोकरीला ठेवून पगार देणारी मधली कंपनी) सांगितलं हातात ८५ टक्के पडतील, एकदम लीगल, मोठ्या वकिलाचं लेखी मत आहे. करायचे काय, तर पगार किमान वेतनाएवढा दाखवायचा आणि बाकीचे पैसे परदेशातल्या ट्रस्टकडून 'कर्ज' म्हणून. कर्ज कधी फेडायचं नाही हे सगळ्यांनाच माहीत. मी इंजिनिअर माणूस, मला कळायला नको होतं? कळलं होतं. पण ऑफिसातले आपलेच चार जण घेत होते आणि वाटलं, मोठे लोक करतात तेच मी छोट्या मापात करतोय, माळ्यासारखं कागद बदलून. मग लोन चार्ज आला, एप्रिल २०१९ ला जेवढं कर्ज शिल्लक दिसतं ते सगळं एकदम उत्पन्न धरायचं. पुढे त्यांनी डिसेंबर २०१० च्या आधीची कर्जं सोडून दिली पण माझी सगळी नंतरची. घर विकावं लागलं नाही एवढंच, दहा वर्षांची बचत गेली. स्कीम विकणारे फी खाऊन कंपनी बंद करून मोकळे. मला सहानुभूती नको, मी टॅक्स टाळायलाच गेलो होतो. पण टाळणं कायदेशीर आणि बुडवणं गुन्हा ही रेघ नंतर, मागे जाऊन आखली जाते आणि ती कुठे पडेल हे तुमचा वकील किती महाग आहे त्यावर बरंच ठरतं हे मी पैसे मोजून शिकलोय.

कोकणी_बाणा

@जळलेला_कॉन्ट्रॅक्टर भाऊ वाईट वाटलं. मत बदललेलं नाही पण वाईट वाटलं.

हिशेबनीस

@सुलभा_लेस्टर ताई, हे न घेणाऱ्यांचं पण लिहा ना. लबाडीवर पानंच्या पानं येतात, हक्काचं असून मागत नाहीत त्यांच्यावर चार ओळी.

नवखा_रीडिंगकर

सगळ्यांचे आभार, एवढं अपेक्षित नव्हतं. आज जेवताना त्या बाईंना हिशेबनीसांचा प्रश्न टाकला, शंभरातले किती लबाडीने जातात. म्हणाल्या चाळीस तरी. मी २.८ म्हटलं, त्यांनी लगेच फोनवर शोधलं आणि थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. दुसऱ्याला विचारलं टॅक्स गॅपमध्ये श्रीमंतांचा वाटा किती, तर तोही खुशाल म्हणाला बराचसा त्यांचाच. मग जेवण संपल्यावर बाई वेगळंच बोलल्या, त्यांची आई ८३ वर्षांची, एकटी राहते, पेन्शन तुटपुंजी, हिवाळ्यात हीटर एका खोलीत लावते. त्यांनी पेन्शन क्रेडिट मागायला सांगितलं तर आई म्हणते 'आपण तसले लोक नाही'. मला तो भत्ता माहीतच नव्हता. ताई, हे काय असतं?

सुलभा_लेस्टर

कमी पेन्शन असलेल्यांना वर भर घालून देतात ते. हक्क असलेल्यांपैकी कितीतरी जण ते मागतच नाहीत, नेमकं याच वाक्यामुळे. अर्ज फोनवरही होतो, अर्जाआधीच्या तीन महिन्यांचे पैसेही मिळू शकतात, आणि ते एकदा लागू झालं की कौन्सिल टॅक्समध्ये (स्थानिक घरपट्टीत) सूट वगैरे बाकीची दारं पण उघडतात. थंडी सुरू व्हायच्या आत करायला सांगा त्यांना. आई फोनवर बोलायला लाजत असेल तर मुलीने शेजारी बसून लावला तरी चालतो.