कोंबड्याची मान मोडण्याविषयी

जादा कोंबडे हाताने मान मोडून मारणे हा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग असल्याचे या चर्चेत आधी लिहिले गेले आहे. लहान, देशी कोंबड्यापुरते ते मला मान्य आहे, पण पूर्ण वाढलेल्या गिरिराज जातीसारख्या जड कोंबड्याला ते लावणे योग्य नाही. युरोपीय संघाच्या २००९ च्या नियमावलीत हाताने मान मोडण्याची मर्यादा तीन किलो वजनापर्यंतच आहे, कारण जाड मानेचे मणके कवटीलगत एका झटक्यात निखळले नाहीत, तर पक्षी शुद्धीवर राहूनच तडफडतो. अशा कोंबड्याला रात्री अंधारात, तो शांत असताना उचलावे, पंख आवळले जातील अशा नरसाळ्यात उलटा ठेवावा, डोक्यावर नेमका आघात करून बेशुद्ध करावे आणि लगेच धारदार सुरीने मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या कापाव्यात. नंतरची फडफड प्रतिक्षिप्त असू शकते, त्यामुळे श्वास थांबला आहे आणि डोळ्याला स्पर्श केल्यावर पापणी हलत नाही, हेच पाहावे.

कायद्याचा मुद्दा चर्चेत आलाच नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ मध्ये खाण्यासाठी मारण्याची मुभा आहे, मात्र अनावश्यक वेदना दिल्यास ती उरत नाही. शिवाय २००१ च्या कत्तलखाना नियमांनुसार नगरपालिका हद्दीत खाण्यासाठीची कत्तल मान्यताप्राप्त कत्तलखान्यातच करावी लागते, म्हणून शहरातल्या पाळणाऱ्यांनी परसात सुरी न चालवता परवानाधारकाकडेच जावे. अनोळखी माणसाला मात्र कोंबडा फुकटही देऊ नये. झुंजीसाठी नेणारे असेच कोंबडे शोधत असतात.