कीटकनाशक पोटात गेलेल्या रुग्णाला 'पाम' सरसकट द्यावं का?

रातपाळी: ऑर्गेनोफॉस्फेटची (कीटकनाशकांचा एक गट) केस आली की ॲट्रोपिनसोबत (विषाची लक्षणं रोखणारं औषध) पाम (प्रालिडॉक्झिम, विषाने अडवलेलं एन्झाइम सोडवणारं औषध) लावायचंच, हा रिवाज मोडायला हवा. श्रीलंकेतली २००९ ची चाचणी बघा. २३५ रुग्ण, पाम गटाला आधी २ ग्रॅम, मग तासाला अर्धा ग्रॅम. त्या गटात २४.८ टक्के दगावले, प्लासिबो (औषध नसलेला नकली डोस) गटात १५.८ टक्के. तांबड्या पेशींतलं कोलिनेस्टरेज, म्हणजे हे विष बंद पाडतं ते एन्झाइम, वाढलं होतं, तरीही! नातेवाइकांना पामच्या बाटल्या आणायला पळवण्यापेक्षा ॲट्रोपिन आणि व्हेंटिलेटर सांभाळा.

गव्हाळी: साफ असहमत. एक तर तो फरक सांख्यिकीच्या कसोटीवर टिकत नाही, चाचणीही मध्येच थांबली होती. दुसरं, बारामतीचा २००६ चा अभ्यास तुम्ही वगळलात. २०० रुग्ण, सगळ्यांना आधी २ ग्रॅम. मग एका गटाला ४८ तास सलग तासाला १ ग्रॅम, दुसऱ्याला दर ४ तासांनी १ ग्रॅम. मृत्यू १ टक्का विरुद्ध ८ टक्के. मात्रा तुटपुंजी दिली तर औषधाला दोष कसा देणार?

रातपाळी: बारामतीत प्लासिबो गट नव्हता. जास्त पाम कमी पामपेक्षा बरं, एवढंच त्यातून कळतं. शिवाय ते रुग्ण मध्यम विषबाधेचे आणि लवकर पोचलेले होते. रात्री उशिरा, तीन ठिकाणी फिरून आलेल्या रुग्णाला तो आकडा लावू नका.

डबा_दाखवा: दोघंही एक प्रश्न विचारत नाही आहात: रुग्ण कीटकनाशक कुठलं प्यायला? विष एन्झाइमला कायमचं चिकटलं की पाम ते सोडवू शकत नाही. क्लोरपायरीफॉससारख्या डायइथिल गटाच्या कीटकनाशकात निम्मं एन्झाइम असं हातचं जायला सुमारे ३३ तास लागतात, डायमेथोएटसारख्या डायमिथिल गटात पावणेचारच. प्रोफेनोफॉसमध्ये पामचा उपयोग जवळपास नाहीच. यवतमाळच्या २०१७ च्या फवारणी विषबाधेत डायफेन्थियुरॉनचंही नाव आलं होतं. ते तर ऑर्गेनोफॉस्फेटच नाही. म्हणून आधी डबा मागवा, निदान लेबलचा फोटो तरी.

आणि ॲट्रोपिन नीट द्या, खरी माणसं तिथे वाचतात. ०.६ मिलिग्रॅमच्या ३ अँप्यूल, म्हणजे १.८. पाच मिनिटांनी छाती ऐका. घरघर तशीच असेल तर ३.६, मग ७.२. छाती मोकळी, नाडी ८० च्या वर, वरचा बीपी ८० च्या वर आला की थांबा आणि एकूण लागलेल्या मात्रेच्या १० ते २० टक्के दर तासाला ड्रिपमधून चालू ठेवा. वरच्या उदाहरणात एकूण १२.६ लागलं, म्हणजे तासाला साधारण १.३ ते २.५. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होण्याची वाट पाहू नका, त्या मागाहून होतात. बांगलादेशात २०१२ साली या पद्धतीने मृत्यू २२.५ वरून ८ टक्क्यांवर आले.

गव्हाळी: हे मान्य. पण क्लोरपायरीफॉस, तेही तीन तासांत आलेलं, अशा रुग्णाला मी पाम देणारच, २ ग्रॅम अर्ध्या तासात सावकाश. घाईने ढकललं तर उलटी होते, बीपी उसळतो, हृदयही थांबू शकतं.

रातपाळी: तेवढ्यापुरतं द्या. पण पाम चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नका. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात मानेचे स्नायू ढिले पडतात, मग श्वास. उशीवरून डोकं उचलता येतंय का, हे दर पाळीला तपासा. येत नसेल तर नळी घालायची तयारी ठेवा.