दंड सारखा म्हणजे शिक्षा सारखी का?

घोडबंदरकर:
माझं म्हणणं आधीच मांडतो: दंड माणसाची कमाई बघून लावायला हवा.

३१ डिसेंबरच्या नाकाबंदीत ओळखीचा एक रिक्षावाला प्यायलेला सापडला. चूक त्याचीच, वाद नाही. त्याच्यासोबत ठाण्याच्या कोर्टात गेलो. गाडी मालकाची, रोजचं भाडं वेगळं. दंडाच्या १० हजारांसाठी त्याने बायकोची भिशी आधीच उचलली. त्याच्यामागे उभ्या असलेल्या मोठ्या गाडीवाल्याने गुन्हा कबूल केला, पैसे भरले आणि वकिलाला म्हणाला, "चला, दुपारची मीटिंग गाठतो." एकाचं घर दोन महिने ओढगस्तीत, दुसऱ्याची मीटिंगही चुकली नाही.

फिनलंडमध्ये १९२१ पासून दंड रोजच्या उत्पन्नाच्या हिशोबाने लागतो. २०२३ मध्ये तिथल्या एका धनाढ्याने ५० च्या हद्दीत ८२ ने गाडी हाणली आणि १ लाख २१ हजार युरो भरले.

चरईकर:
अजिबात पटलं नाही. दोघेही तितकेच प्यायले होते आणि चाकाखाली आलेला माणूस तितकाच मरतो. शिक्षा गुन्ह्याला असते, खिशाला नाही. शिवाय आपल्याकडे कमाई ठरवणार कोण? पगारदाराचा फॉर्म १६ समोर ठेवून त्याच्याकडून पै न् पै वसूल होईल. ज्याचा धंदा रोखीत चालतो तो कागदावर गरीबच असतो. म्हणजे पुन्हा मधलाच भरडला जाणार.

कोर्टनाका_वकील:
चरईकर, कमाई लपवली जाते हा तुमचा मुद्दा खरा आहे. पण आजचा नियम तरी गुन्ह्याएवढीच शिक्षा देतो का? दारू पिऊन गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हा आकडा ठरीव झाला, त्यामुळे माणूस बघून तो कमी करायला न्यायाधीशाला वाव उरला नाही. उलट भारतीय न्याय संहितेच्या, म्हणजे आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम ८ प्रमाणे, जिथे रक्कम दिलेली नाही तिथे दंड कितीही लावता येतो, फक्त तो अवाजवी नसावा. आणि दंड न भरल्यास कैद. श्रीमंताला जे पैशात फिटतं ते गरिबाला दिवसांत फेडावं लागतं.

जामिनाचंही तेच. आदेश होतो, पण जामीनदार मिळत नाही म्हणून माणूस ठाणे किंवा तळोजा जेलमध्येच राहतो. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं, ७ दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला, म्हणजे गरिबांना मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेला, कळवायचं. ज्या वस्तीत कुणाच्याच नावावर काही नाही, तिथला माणूस जामीनदार आणणार कुठून?

ऐरोलीची_ताई:
माझ्या मामांना दारू प्यायलेल्या माणसाने पाम बीच रोडवर उडवलं. त्यांचा पाय गेला. मला त्याच्या पैशाशी काही घेणंदेणं नाही. लायसन्स काढून घ्या, तो फटका सगळ्यांना सारखाच बसतो.

घोडबंदरकर:
ताई, मामांचं वाचून वाईट वाटलं. पण सारखा नाही बसत हो. रिक्षावाल्याचं लायसन्स गेलं की त्याची चूल विझते. दुसरा माणूस ड्रायव्हर ठेवतो आणि मागच्या सीटवर बसतो.

ऐरोलीची_ताई:
मग दोघांचा वेळ घ्या. सिव्हिल हॉस्पिटलच्या अपघात विभागात तीन महिने, दर रविवारी. मामांसारख्यांचं स्ट्रेचर ढकलू देत. ते बघितल्याशिवाय त्यांना कळणार नाही.

चरईकर:
हे मला मान्य आहे, ताई. पण १ जुलै २०२४ पासून समाजसेवेची शिक्षा आली ती न्याय संहितेतल्या मोजक्या किरकोळ गुन्ह्यांनाच. दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा घातला तर आहे, दारू पिऊन गाडी चालवली तर नाही. कलम १८५ संसदेलाच बदलावं लागेल. आणि हजेरी कोण घेणार? वॉर्डबॉयच्या रजिस्टरवर सोडलं तर एकजण स्ट्रेचर ढकलेल आणि दुसऱ्याची नुसती सही दिसेल.

कोर्टनाका_वकील:
हजेरी बोटाच्या ठशावर घ्या आणि दर महिन्याला न्यायाधीशासमोर ठेवा. गैरहजर राहिला तर सरळ कैद. कमाई मोजण्यापेक्षा रविवार मोजणं नक्कीच सोपं आहे.